झिप तुमची, सामान कुणाचं?

रात्रीचे दीड वाजलेत. उद्या सबमिशन. तुम्ही लिहिलेलं क्यूजीआयएसचं प्लगइन तुमच्या लॅपटॉपवर मस्त चालतंय. तालुक्याचा नकाशा उघडायचा, गावांची एक्सेल शीट द्यायची, बटण दाबायचं, की विहिरींच्या पाणीपातळीनुसार गावं रंगतात. तुम्ही फोल्डरची झिप करता, ग्रुपवर टाकता आणि लिहिता, ‘फायनल आहे, चेक करा रे.’ पाच मिनिटांत पहिला रिप्लाय येतो. लाल अक्षरांचा स्क्रीनशॉट, मॉड्यूल सापडत नाही म्हणून. मग दुसरा. मग तिसरा. आणि तुम्ही ते अजरामर वाक्य टाइप करता, ‘माझ्याकडे तर चालतंय!’

मित्रांनो, हा प्रसंग कुणा एकाचा नाही. पायथॉनमध्ये प्लगइन लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण यातून एकदा तरी जातो. त्यावरचा उपायही ठरलेला आहे. एखादा सीनियर सांगतो, ‘अरे, ती लायब्ररीच उचल आणि झिपमध्ये कोंब. विषय संपला.’ तुम्ही कोंबता. चालतं. मार्कही पडतात.

पण त्या ‘कोंब’मध्ये बरंच काही दडलंय. तिसऱ्याच कुणीतरी लिहिलेला कोड तुम्ही उचललात, स्वतःच्या नावाच्या पुडक्यात बांधलात आणि चाळीस जणांच्या मशीनवर पोचवलात. त्या क्षणी तुम्ही नुसते कोड लिहिणारे राहिला नाहीत, कोड वाटणारे झालात. लिहिणाऱ्याला आपला कोड चालतो का एवढं पाहून भागतं. वाटणाऱ्याला मात्र पुड्यात काय आहे, ते कुणाचं आहे, घेणाऱ्याचं त्यानं काही बिघडणार तर नाही ना, या तिन्हींची उत्तरं द्यावी लागतात. सिलॅबसमध्ये लिहिणं शिकवतात. वाटणं आपण एकमेकांचं बघून शिकतो, आणि बहुतेक वेळा चुकीचं शिकतो.

चार रूममेट, एक कुकर

प्लगइन म्हणजे दुसऱ्याच्या घरात राहणारा प्रोग्राम. क्यूजीआयएस हे नकाशांचं मुक्त सॉफ्टवेअर २००२ मध्ये गॅरी शर्मन यांनी सुरू केलं. आज आपल्याकडे भूगोल, कृषी, सिव्हिल, पर्यावरण अशा कितीतरी विभागांतली मुलं ते वापरतात. थ्रीडीवाल्यांचं तसंच ब्लेंडर. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचं ऑस्कर घेऊन गेलेला ‘फ्लो’ ब्लेंडरमध्येच तयार झाला होता. या दोन्ही सॉफ्टवेअरची ताकद पायथॉनमध्ये लिहिलेल्या प्लगइन्समुळे वाढते. ब्लेंडरवाले त्यांना अॅड-ऑन म्हणतात, आता एक्स्टेन्शनही म्हणतात. मामला एकच.

स्वतंत्र पायथॉन प्रोग्राम लिहिताना आपण व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवतो. म्हणजे आपली वेगळी खोली. तिथं हव्या त्या लायब्रऱ्या, हव्या त्या व्हर्जनच्या, कुणाला विचारायला नको. प्लगइनला ही चैन नसते. क्यूजीआयएस सुरू झालं की त्याच्या पोटात एकच पायथॉन सुरू होतो. तुमचं प्लगइन, दुसऱ्या कुणाचं प्लगइन आणि सॉफ्टवेअरसोबत आलेली साधनं, सगळी त्याच एका पायथॉनमध्ये नांदतात. चार रूममेट, एक स्वयंपाकघर, एकच कुकर.

आता पायथॉनची सवय बघा. एखादी लायब्ररी एकदा उघडली की तो तिची नोंद नावानिशी ठेवतो. पुढे कुणीही तेच नाव मागितलं, तर तो नव्यानं शोधत बसत नाही, उघडलेलीच पुढे करतो. एका नावाला एकच जागा. तुम्हाला एखाद्या लायब्ररीचं दोन नंबरचं व्हर्जन हवंय आणि शेजारचं प्लगइन एक नंबरवर लिहिलंय, तर जो आधी उठला त्याचं राज्य. दुसरा एक तर कोसळतो, नाही तर गपगुमान चुकीचं उत्तर देतो. हे दुसरं जास्त वाईट.

एक खरं उदाहरण घ्या. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं. २००६ नंतरचं हे या लायब्ररीचं पहिलं मोठं व्हर्जन. जुन्या नमपायवर कंपाइल केलेल्या अनेक लायब्रऱ्या नव्यासोबत चालेनात, त्या पुन्हा बांधाव्या लागल्या. आता कल्पना करा, एखाद्याच्या मशीनवर क्यूजीआयएस जुन्या नमपायसह सुखानं चाललंय. तुमच्या प्लगइननं इन्स्टॉल होताना गुपचूप नवं नमपाय आणून बसवलं. तुमचं प्लगइन चालेलही. पण दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं रास्टरचं भलतंच टूल बंद पडेल, आणि तुमच्यावर त्याला संशयसुद्धा येणार नाही. तो बिचारा सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकेल, दिवस घालवेल, आणि शेवटी ‘हे फुकटचं सॉफ्टवेअर असलंच’ म्हणून मोकळा होईल. बदनाम कोण झालं? ज्यानं काहीच केलं नाही ते.

वाटा चार, मोफत एकही नाही

मग डिपेंडन्सीचं करायचं काय? ढोबळमानानं चार वाटा आहेत. प्रत्येकीला काही ना काही किंमत आहे.

पहिली वाट, वापरणाऱ्यालाच सांगणं. ‘आधी पिप इन्स्टॉल करून घ्या’ असं रीडमीत लिहायचं आणि मोकळं व्हायचं. हा मार्ग प्रामाणिक आहे. क्यूजीआयएसच्या अधिकृत प्लगइन भांडाराचा तसा नियमही आहे. बाहेरचं काही लागत असेल तर ते प्लगइनच्या माहितीत स्पष्ट लिहा, असं ते सांगतात. पण विंडोजवर क्यूजीआयएस स्वतःचा वेगळा पायथॉन घेऊन येतं. वापरणारा साध्या कमांड प्रॉम्प्टवर ती ओळ चालवतो, लायब्ररी दुसऱ्याच पायथॉनमध्ये जाऊन बसते, आणि प्लगइन पुन्हा तीच लाल अक्षरं दाखवतं. तुमचं प्लगइन वापरणारी व्यक्ती कदाचित पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थेतली असेल, जिनं आयुष्यात कधी काळी खिडकी उघडून कमांड टाइप केलेली नाही. तेव्हा सांगायचंच असेल तर नीट सांगा. कोणती खिडकी, कोणती ओळ, कोणतं व्हर्जन, आणि नाही जमलं तर काय.

दुसरी वाट, प्लगइननंच मागच्या मागे पिप चालवणं. आपल्याला ही फार आवडते, कारण डेमोला जादू वाटते. पण विचार करा, दुसऱ्याच्या मशीनवर, त्याला न विचारता, इंटरनेटवरून आणलेला कोड तुम्ही बसवताय. कॉलेजच्या लॅबमध्ये प्रॉक्सी असेल तर ते अडकेल. अॅडमिन हक्क नसतील तर अर्धवट होईल. व्हर्जन बांधलं नसेल तर आज एक येईल, परीक्षेच्या दिवशी दुसरंच. वर सांगितलेली नमपायची गोष्ट याच वाटेनं घडते. ब्लेंडरनं इथं सरळ भूमिका घेतली आहे. एक्स्टेन्शननं लागणारं सगळं सोबत घेऊन यावं, नेट वापरायचं असेल तर तशी परवानगी आपल्या मॅनिफेस्टमध्ये जाहीर करावी, आणि वापरणाऱ्यानं नेटचा वापर बंद ठेवला असेल तर ते मुकाट्यानं पाळावं. ही वाट घ्यावीच लागली तर निदान विचारा. काय येणार, कुठलं व्हर्जन, कुठे बसणार, हे सांगणारी एक खिडकी आणि ‘नको’चं बटण. तेवढी सभ्यता दहा ओळींच्या कोडमध्ये येते.

तिसरी वाट, सोबत बांधून देणं. म्हणजे सीनियरचं ते ‘कोंबणं’. ही वाट वाईट नाही, हे आधी स्पष्ट करतो. खुद्द पिप, म्हणजे पायथॉनचा इन्स्टॉलर, आपल्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या स्वतःच्या पोटात बांधून फिरतो. इन्स्टॉलरलाच दुसरं काही आधी इन्स्टॉल करावं लागलं तर कसं व्हायचं? पण पिपची मंडळी ते कसं करतात ते बघण्यासारखं आहे. एक वेगळं फोल्डर, प्रत्येक लायब्ररीचं नेमकं व्हर्जन लिहिलेली यादी, आणि ज्याच्या त्याच्या लायसन्सच्या फायली जागच्या जागी. कोंबणं आणि बांधणं यातला फरक तो एवढाच.

बांधताना दोन गोष्टी सांभाळा. एक, लायब्ररी निव्वळ पायथॉनमध्ये आहे की तिच्यात कंपाइल केलेला भाग आहे? निव्वळ पायथॉन असेल तर बहुतेक सगळीकडे चालते. कंपाइल केलेली असेल तर विंडोजची मॅकवर चालत नाही, आणि एका पायथॉनची दुसऱ्यावर चालेलच असं नाही. ब्लेंडर ४.० मध्ये पायथॉन ३.१० होता, ४.१ मध्ये ३.११ आला. एवढ्यानंही जुने तुकडे निकामी होऊ शकतात. म्हणूनच जुलै २०२४ मधल्या ब्लेंडर ४.२ पासून एक अधिकृत सोय आहे. लायब्ररीच्या व्हील फायली, म्हणजे तयार बांधलेली पुडकी, एक्स्टेन्शनमध्ये ठेवायच्या आणि मॅनिफेस्टमध्ये त्यांची नावं लिहायची. बसवण्याचं काम ब्लेंडर करतं. क्यूजीआयएसच्या भांडाराचं धोरण उलट आहे, तिथल्या प्लगइनमध्ये बायनरी फायली नकोत असं ते सांगतात. एका घरचा नियम दुसऱ्या घरी चालत नाही. आधी वाचा, मग बांधा.

दुसरं, बांधलेलं सामान आपल्याच कपाटात ठेवा. अनेक जण काय करतात, तर आपलं फोल्डर पायथॉनच्या शोधयादीत सगळ्यात वर घुसवतात. चालतं, पण त्या क्षणापासून शेजारच्या प्लगइनलाही तुमच्याच फोल्डरातली जुनी लायब्ररी मिळायला लागते. म्हणजे स्वतःचा मसाल्याचा डबा सगळ्यांच्या डब्यांपुढे ठेवण्यासारखं झालं. त्यापेक्षा ती लायब्ररी आपल्या प्लगइनच्या आत, आपल्या नावाखालच्या उपफोल्डरात ठेवा आणि तिथूनच इम्पोर्ट करा. मग तिचं पूर्ण नावच वेगळं होतं आणि कुणाशी टक्कर होत नाही. लायब्ररीच्या आतले इम्पोर्ट त्यासाठी थोडे बदलावे लागतात. तो अर्ध्या तासाचा कंटाळा सोसा.

चौथी वाट सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात चांगली. डिपेंडन्सी घेऊच नका. सुरुवातीच्या प्रसंगातली एक्सेल शीट आठवा. ती वाचायला तुम्ही ओपनपायएक्सएल नावाची लायब्ररी वापरलीत. ती आली, तिच्या पाठोपाठ तिला लागणारी ईटी-एक्सएमएलफाइल आली. पण क्यूजीआयएस एक्सेलची फाइल स्वतःच उघडतं! त्याच्या पोटातल्या जीडीएएल या साधनाला ते येतं. तुम्ही ती शीट साध्या लेयरसारखी लोड केली असती तर बाहेरचं काहीच लागलं नसतं, आणि रात्री दीड वाजताचा तो सगळा तमाशा टळला असता. यजमानाच्या घरात काय काय आहे हे न बघता आपण बाजारात जातो. नवी लायब्ररी घेण्याआधी सॉफ्टवेअरसोबत आलेल्या गोष्टींची यादी एकदा तरी वाचा.

तेव्हा माझा क्रम असा आहे. आधी यजमानाकडचं वापरा. नसेल तर छोटी, निव्वळ पायथॉनची लायब्ररी आपल्या नावाखाली बांधा. मोठी, कंपाइल केलेली असेल तर यजमानाची अधिकृत सोय शोधा. ती नसेल तर वापरणाऱ्याला नीट, पायरीपायरीनं सांगा. गुपचूप पिप, कधीच नाही.

डब्यावरचं नाव

आता त्या प्रश्नाकडे येऊ, जो आपल्याकडे विचारलाच जात नाही. तुम्ही बांधलेली लायब्ररी कुणाची?

‘ओपन सोर्स आहे ना, मग फुकट आहे,’ हे उत्तर दर दुसऱ्या वर्गात ऐकू येतं. पैशाच्या हिशेबात खरं आहे. पण ओपन सोर्स म्हणजे बेवारस नव्हे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, नंतरच्या दुरुस्त्यांसह, संगणक प्रोग्राम साहित्यकृतीतच मोडतो. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुमचा कोड आणि एखाद्याची कादंबरी एकाच फळीवर. लेखकानं परवानगी दिली म्हणून तुम्ही वाटू शकता, आणि ती परवानगी ज्या कागदावर लिहिली आहे त्याचं नाव लायसन्स.

सगळ्यात सोपं एमआयटी लायसन्स बघा. पाचसहा वाक्यं. वापरा, बदला, विका, काहीही करा. मोबदल्यात एकच मागणी, की प्रत देताना त्यावरची कॉपीराइटची ओळ आणि हा परवान्याचा मजकूर सोबत ठेवा. बास. वर सांगितलेलं ओपनपायएक्सएल याच परवान्याचं आहे. बीएसडीचं मागणंही जवळजवळ हेच. अपाची २.० थोडं पुढे जातं. परवान्याची प्रत द्या, नोटीस फाइल असेल तर ती द्या, आणि काही बदललं असेल तर बदललं म्हणून सांगा. जीपीएल सांगतं की तुम्ही वाटलेल्या गोष्टीचा सोर्स कोड घेणाऱ्याला मिळाला पाहिजे आणि त्यालाही हेच स्वातंत्र्य राहिलं पाहिजे.

आपण काय करतो? लायब्ररीचं फोल्डर उचलतो आणि ‘झिप लहान व्हावी’ म्हणून पहिल्यांदा कोणती फाइल उडवतो? लायसन्सची. ज्यानं सगळं दिलं आणि बदल्यात फक्त नाव राहू दे म्हटलं, त्याचं नावच आपण पुसतो. दोन किलोबाइट वाचवायला.

आपल्या लग्नघरात रुखवत मांडतात ना, तिथं एखादी वस्तू मावशीनं विणलेली असेल तर आई आल्यागेल्याला आवर्जून सांगते, ‘हे ताईनं केलंय हो.’ कुणी नियम म्हणून सांगत नाही. न सांगणं हलकं वाटतं, म्हणून सांगते. कोडच्या बाबतीत ती लाज अजून आपल्या अंगी मुरलेली नाही.

त्यात आणखी एक गाठ आहे. क्यूजीआयएसच्या भांडारात टाकायच्या प्लगइनचं लायसन्स जीपीएल २ किंवा त्यापुढच्या व्हर्जनशी जुळणारं हवं. ब्लेंडरच्या एक्स्टेन्शन मंचावर अॅड-ऑन जीपीएल ३ किंवा पुढचं हवं. मग तुम्ही सोबत बांधलेली प्रत्येक गोष्ट त्याच्याशी जुळते का? एमआयटी, बीएसडी सहसा जुळतात. अपाची २.० जीपीएल ३ शी जुळतं, नुसत्या जीपीएल २ शी जुळत नाही. आणि ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ असं लिहिलेला एखाद्या पेपरसोबतचा कोड? तो जुळत नाही. गिटहबवर ज्या कोडला लायसन्सच लावलेलं नाही, तो तर उघडा दिसतो म्हणून उचलायची परवानगी नसते. घराचं दार उघडं आहे म्हणून कुणी फ्रिजमधलं काढून खात नाही.

पुड्यात नक्की काय आहे?

तिसरा प्रश्न सुरक्षेचा. त्याची धग लागेपर्यंत तो प्रश्न वाटतच नाही.

डिसेंबर २०२२. मशिन लर्निंग शिकणाऱ्या कुणालाही माहीत असलेलं पायटॉर्च. त्याच्या रोज तयार होणाऱ्या ‘नाइटली’ व्हर्जनला टॉर्चट्रायटन नावाची एक डिपेंडन्सी लागायची. ती पायटॉर्चच्या स्वतःच्या सर्व्हरवर होती. कुणीतरी पायथॉनच्या सार्वजनिक भांडारात, पायपीआयवर, अगदी त्याच नावाचं बनावट पॅकेज टाकलं. पिपनं सार्वजनिक भांडारातलं उचललं. २५ ते ३० डिसेंबर या दिवसांत लिनक्सवर पिपनं ते नाइटली व्हर्जन घेणाऱ्यांच्या मशीनवर ते बनावट पॅकेज गेलं आणि तिथली माहिती, अगदी एसएसएचच्या गुप्त किल्ल्यांसकट, बाहेर पाठवायची सोय त्यात होती. लोकांनी काही चुकीचं टाइप केलं नव्हतं. त्यांनी पायटॉर्च मागितलं होतं. घात केला तो पायटॉर्चच्या मागून आलेल्यानं.

म्हणजे सोबत बांधून दिलेलं बरं? अर्धं खरं. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या जगात लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं काढून घेतलं आणि त्यावर टेकलेले हजारो प्रोजेक्ट बांधले जाईनात. ज्यांनी आपली प्रत जवळ ठेवली होती ते शांत झोपले. पण जवळ ठेवलेली प्रत शिळीही होते. सर्टिफाय नावाची लायब्ररी घ्या. सुरक्षित वेबसाइट खरी की खोटी हे ओळखायला लागणारी प्रमाणपत्रांची यादी तिच्यात असते आणि ती अधूनमधून बदलते. तुम्ही ती २०२१ मध्ये प्लगइनमध्ये बांधलीत आणि विसरलात. मधल्या काळात ज्या प्रमाणपत्रांवरचा विश्वास काढून घेतला गेला, त्यांच्यावर तुमचं प्लगइन अजूनही विश्वास ठेवून बसलंय. वापरणाऱ्यानं आपलं सगळं सॉफ्टवेअर अपडेट केलं तरी तुमच्या पुड्यातली प्रत तशीच राहते. कारण ती तिथं आहे हे त्याला माहीतच नाही. बांधून दिलंत, म्हणजे ताजं ठेवायचं कामही तुम्ही अंगावर घेतलंत.

म्हणूनच जगभर आता पुड्यात काय आहे याची यादी मागितली जाते. तिला एसबॉम म्हणतात, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी. बिस्किटाच्या पुड्यामागे छापतात तशीच. आपल्या सर्ट-इननंही ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याविषयी तांत्रिक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. उद्या सरकारी किंवा बँकेच्या कामाशी संबंधित कंपनीत तुम्ही लागलात, तर ‘तुझ्या मॉड्यूलमध्ये बाहेरचं काय काय आहे?’ हा प्रश्न येणारच. तेव्हा फोल्डरमध्ये शोधाशोध करण्यापेक्षा ही सवय आताच लागलेली बरी.

‘एवढं कोण करतं?’

तुमच्यातले काही म्हणतील, ‘आमचं साधं कॉलेजचं प्रोजेक्ट. वापरणार कोण? बघणार कोण?’ प्रश्न रास्त आहे. डेडलाइन असते, गाइडना सोर्स कोडमध्ये रस नसतो, गटातल्या चारांपैकी एकच काम करत असतो. पण तुम्ही ते प्लगइन गिटहबवर टाकताच ना? रेझ्युमेत लिंक देताच ना? एखादी जिल्ह्यातली संस्था, एखादा पीएचडीचा विद्यार्थी ते उतरवून घेतो आणि तुमच्या भरवशावर काम करतो. तुम्ही पास होऊन बेंगळुरूला गेलेले असता, तुमचं पुडकं मात्र कुणाच्या तरी मशीनवर चालत असतं.

आणि खरं सांगायचं तर ‘एवढं’ फार नसतंच. लागणाऱ्या लायब्रऱ्यांची नावं आणि नेमकी व्हर्जन एका फाइलमध्ये लिहा. बांधलेल्या प्रत्येक लायब्ररीचं लायसन्स तिच्याच फोल्डरात राहू द्या, आणि रीडमीत ‘यात हे यांचं आहे’ अशा चार ओळी घाला. पिप-लायसन्सेस नावाचं साधन कुठल्या लायब्ररीला कुठलं लायसन्स आहे याचा तक्ता काढून देतं. पिप-ऑडिट नावाचं साधन त्यात कुठली माहीत असलेली सुरक्षेची त्रुटी आहे का ते तपासतं. शेवटी, ज्या मशीनवर तुमचं काहीच इन्स्टॉल केलेलं नाही अशा एखाद्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर झिप चालवून बघा. सगळं धरून एक संध्याकाळ जाते.

कॉलेजांनाही एक सांगणं आहे. प्रोजेक्टच्या मूल्यमापनात ‘प्रेझेंटेशन’ला मार्क आहेत, ‘इनोव्हेशन’ला आहेत, काळ्या बाइंडिंगच्या रिपोर्टलाही आहेत. पाच मार्क यालाही ठेवा. बाहेरचं काय वापरलं, कोणत्या परवान्याखाली, आणि दुसऱ्या मशीनवर चाललं का. रिपोर्टमधल्या परिच्छेदांचं साहित्यचौर्य तपासायला आपण सॉफ्टवेअर विकत घेतो, आणि त्याच रिपोर्टला जोडलेल्या कोडमधून दुसऱ्याचं नाव पुसलं गेलं तरी कुणी विचारत नाही. हे विसंगत आहे. व्हायवाला एकच प्रश्न विचारा, ‘यातलं तुझं किती, आणि बाकीचं कुणाचं?’ ज्याला याचं उत्तर देता येतं त्याला आपलं काम कळलेलं असतं.

शेवटी हे सगळं ज्यांच्या जिवावर चाललंय त्यांचंही बघा. आपण ज्या लायब्रऱ्या दोन सेकंदांत इन्स्टॉल करतो, त्यातल्या कितीतरी कुणीतरी नोकरी सांभाळून, रात्री जागून, पगाराविना सांभाळतंय. त्या माणसाला तुमचे पैसे पोचणार नाहीत, बहुधा आभारही नाहीत. त्याचं नाव तुमच्या झिपमध्ये राहिलं, तर तेवढंच त्याच्या वाट्याला येतं.

तेव्हा पुन्हा कधी रात्री दीड वाजता ग्रुपवर झिप टाकाल, तेव्हा ‘फायनल आहे’च्या खाली आणखी एक ओळ टाका. ‘यात बाहेरच्या दोन लायब्रऱ्या आहेत, नावं आणि लायसन्स आत आहेत, दुसऱ्या लॅपटॉपवर चालवून बघितलंय.’ आणि मग झोपा निवांत.